भोंगा वाजत होता: अर्जेंटिनातील हवाई सुरक्षा आणि दोन चित्रपट

विमान अपघाताविषयी वाचताना 'चूक कोणाची?' असे आपण लगेच विचारतो. आज एका उदाहरणावरून हा प्रश्न थोडा खोलात तपासू.

३१ ऑगस्ट १९९९ च्या रात्री ब्युनॉस आयर्स शहरातील विमानतळावरून 'लापा' या खासगी कंपनीचे बोईंग ७३७ कॉर्दोबाकडे निघाले. पंखांचे फ्लॅप उघडायचे राहून गेले होते. फ्लॅप उघडले की कमी वेगातही पंखांना पुरेशी उचल मिळते. ते मिटलेले असल्याने विमान हवेत जाऊ शकले नाही. कॉकपिटमध्ये इशाऱ्याचा भोंगा वाजत होता, तरी उड्डाण वेळीच थांबवले गेले नाही. विमान धावपट्टी ओलांडून रस्त्यापलीकडे गेले आणि पेटले. ६५ जणांचा मृत्यू झाला.

दोष दोन वैमानिकांच्या माथी मारून वही मिटता आली असती. पण याच कंपनीतील एक वैमानिक, एन्रिके पिन्येरो, यांनी सुरक्षेतील हलगर्जीपणाबद्दल कंपनीला आधीच इशारा दिला होता आणि अपघातापूर्वी नोकरी सोडली होती. २००४ साली त्यांनी 'व्हिस्की रोमिओ झुलू' हा चित्रपट काढला व त्यात स्वतःची भूमिका स्वतःच केली. हे नाव म्हणजे त्या विमानाच्या नोंदणीची शेवटची तीन अक्षरे, रेडिओच्या भाषेत.

२००६ च्या 'फुएर्सा आएरेआ सोसिएदाद आनोनिमा' या माहितीपटात ते एक पायरी वर गेले. तेथील नागरी विमान वाहतूक हवाई दलाच्या ताब्यात होती. परवाने, तपासणी, हवाई नियंत्रण आणि अपघाताची चौकशी, सारे एकाच छत्राखाली. स्वतःच्या चुका स्वतःच कोण शोधणार? नियंत्रण कक्षातील दुरवस्था पिन्येरोंनी छुप्या कॅमेऱ्याने टिपली. त्याच वर्षी सरकारने हा कारभार नागरी यंत्रणेकडे देण्याचे ठरवले आणि २००७ साली राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक प्रशासन स्थापण्याचा आदेश निघाला. हे केवळ चित्रपटामुळे घडले असे म्हणणे घाईचे होईल. पण तांत्रिक अहवालातला विषय त्याने सामान्य प्रवाशापर्यंत नेला, हे निश्चित.

उद्या तुम्हीही एखाद्या यंत्राच्या तपासणीपत्रावर सही कराल. त्या वेळी यंत्राबरोबर एवढेही तपासा: दोष दाखवणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेणारे, आणि तपासणाऱ्याच्या हाताखाली नसलेले, तुमच्या संस्थेत कोणी आहे का?