आवाजाचा नट : विल्यम कॉनराड

भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आहेत. नभोनाट्यात आंगिक व आहार्य हे दोन प्रकार श्रोत्याच्या दृष्टीआडच राहतात आणि त्यांचा सारा भार वाचिक अभिनयावर पडतो. दूरचित्रवाणीचा उदय झाल्यावर अशा वाचिक नटांची गती काय झाली, हा प्रश्न नाट्येतिहासाइतकाच भाषाभ्यासाचाही आहे. अमेरिकन नट विल्यम कॉनराड (१९२०–१९९४) याची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक ठरते.

२६ एप्रिल १९५२ रोजी सी.बी.एस. नभोवाणीवर ‘गनस्मोक’ ही मालिका सुरू झाली. कॅन्ससमधील डॉज सिटी या गावचा मार्शल मॅट डिलन हा तिचा नायक. कॉनराडने आपल्या खर्जातील, काहीशा थकलेल्या आवाजाने त्याला घडविले. प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी डिलन ‘मी’ म्हणून स्वतःची ओळख करून देई. लाकडी फळ्यांवरची पावले आणि वाक्यांमधील दीर्घ विराम यांतून गाव उभे राही. नायकाचा देह मात्र ज्याने त्याने आपल्या मनात रचावयाचा असे.

१९५५ साली हीच मालिका दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा डिलनची भूमिका जेम्स आर्नेस या ६ फूट ७ इंच उंचीच्या नटाकडे गेली. कॉनराड स्थूल देहाचा होता. पार्ली बेअर, हॉवर्ड मॅक्निअर आणि जॉर्जिया एलिस या त्याच्या नभोवाणीवरील सहकाऱ्यांच्या भूमिकाही इतरांना मिळाल्या. ज्यांनी पात्रांना वाणी दिली, त्यांना त्या पात्रांचे रूप मिळाले नाही. तथापि नभोवाणीवरील मालिका १८ जून १९६१ पर्यंत चालूच राहिली. म्हणजे सुमारे सहा वर्षे एकच डिलन एका माध्यमात कॉनराडच्या वाणीने आणि दुसऱ्यात आर्नेसच्या देहाने वावरत होता.

यानंतर कॉनराडच्या वाणीत झालेले स्थित्यंतर व्याकरणाच्या परिभाषेत नेमके सांगता येते. १९५९ पासून रॉकी व बुलविंकल यांच्या व्यंगचित्रमालिकेत आणि १९६३ ते १९६७ या काळात ‘द फ्युजिटिव्ह’ या मालिकेत तो निवेदक झाला. दुसऱ्या मालिकेतील डॉ. किंबल पडद्यावर डेव्हिड जॅन्सनच्या रूपाने दिसे. कॉनराडचा आवाज त्याच्याविषयी ‘तो’ म्हणून बोले. प्रथमपुरुषी वाणी अशा रीतीने तृतीयपुरुषी झाली. दूरचित्रवाणीने तो आवाज नाकारला नाही. त्याचे ‘मीपण’ तेवढे काढून घेतले.

पुढे ‘कॅनन’ (१९७१–१९७६) या मालिकेत कॉनराड एका स्थूल खाजगी गुप्तहेराच्या प्रमुख भूमिकेत प्रेक्षकांसमोर आला. जो देह डिलनच्या रूपाशी जुळणारा नव्हता, तोच आता पात्राचे ओळखचिन्ह झाला. परंतु हा डिलनच्या भूमिकेचा परतावा म्हणता येत नाही. कॅननला प्रेक्षक आधी पाहत आणि मग ऐकत. डिलनच्या बाबतीत ऐकणे हेच पाहणे होते.

सबब, दूरचित्रवाणीने नभोवाणीला दूर सारले एवढ्याच सूत्रात हा इतिहास बसविणे अपुरे आहे. १९५५ ते १९६१ या काळातील दोन्ही ‘गनस्मोक’ शेजारी ठेवून अभ्यासल्या पाहिजेत. देह दिसू लागताच संवादात काय गाळता येते आणि काय गमवावे लागते, याचा पुरावा त्या तुलनेतच सापडेल.