आमवाताचे औषध आणि यकृताची तपासणी : एका नियमाची जडणघडण

आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाला ठरावीक मुदतीने रक्त तपासून घ्यावयास सांगतात. सांधे मोकळे झाले, कामधंदा पूर्ववत् सुरू झाला, की ही तपासणी त्याला निरर्थक वाटू लागते आणि पुष्कळदा ती टळते. वस्तुतः या नियमातील प्रत्येक कलम म्हणजे पूर्वी कोणाला तरी झालेल्या अपायाची नोंद होय. ती नोंद कशी होत गेली हे पाहिल्यावाचून नियमाचा अर्थ नीट उलगडत नाही.

या इतिहासाचा आरंभ एका निराळ्याच औषधापासून करावा लागतो. निकोलायर व डोर्न यांनी १९०८ साली गाऊटसाठी सिंकोफेन पुढे आणले आणि लवकरच ते इतर सांधेदुखीवरही वापरले जाऊ लागले. पुढे १९२० नंतरच्या दशकात ते घेणाऱ्यांना कावीळ झाल्याची वृत्ते प्रसिद्ध होऊ लागली व यकृत निकामी होऊन रुग्ण दगावल्याची उदाहरणे वाढत गेली. त्या काळी डॉक्टरला इशारा मिळण्याचे मुख्य साधन म्हणजे डोळ्यांत उतरलेली पिवळी झाक. परंतु यकृताची राखीव शक्ती मोठी असते. त्याचा बराच भाग नष्ट होईपर्यंत बाहेर फारसे काही दिसत नाही. त्यामुळे कावीळ दिसल्यावर औषध थांबविले तरी रुग्ण वाचेलच अशी खात्री नसे.

मेथोट्रेक्सेटची वंशावळ मुंबईपर्यंत जाऊन भिडते. १९२८ साली ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिका मुंबईस आल्या व तेथील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय बरा होतो हे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने फोलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले आणि त्याच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्येही बनविली. त्यांपैकी अमिनोप्टेरिनचा बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर होणारा परिणाम सिडनी फार्बर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. १९५१ साली गुबनर व त्यांचे सहकारी यांनी तेच औषध आमवात व सोरायसिस यांवर वापरून पाहिले. तथापि त्या सुमारास कॉर्टिसोनचा मोठा बोलबाला होता, आणि आमवातापुरता हा प्रयोग दीर्घकाळ बाजूस पडला.

दरम्यान यकृताकडे पाहण्याची एक नवी खिडकी उघडली होती. लाड्यू, व्रोब्लेव्स्की व कारमेन यांनी १९५४ साली रक्तातील ट्रान्सअमिनेज या एन्झाइमाचे मापन पुढे आणले, ते हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करण्यासाठी. पेशी मोडली की तिच्यातील हे एन्झाइम रक्तात उतरते. यकृताच्या पेशींनाही हेच तत्त्व लागू असल्यामुळे ही तपासणी लवकरच यकृतविकारांकडे वळली. मराठीतील ‘काळीज’ हा शब्द हृदय व यकृत हे दोन्ही अर्थ वाहतो. या तपासणीनेही काही काळ तेच केले. तिची एसजीओटी व एसजीपीटी ही जुनी नावे भारतातील अहवालांवर आजही आढळतात.

परंतु ही खिडकी पुरेशी ठरली नाही. १९५८ नंतर सोरायसिसवर मेथोट्रेक्सेटचा वापर वाढला. दीर्घकाळ औषध घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृतात तंतुमयता व सिऱ्होसिस आढळले. रक्ताचे आकडे ठीक असतानाही हा बिघाड असू शकतो हे लक्षात आल्यावर सुईने यकृताचा तुकडा काढून पाहण्याची, म्हणजे बायॉप्सीची, प्रथा त्वचारोगतज्ज्ञांत रूढ झाली. १९७२ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत असे दिसले की, रोज थोडेथोडे औषध घेणे हे मध्ये खंड ठेवून घेण्यापेक्षा यकृताला अधिक घातक ठरते. आठवड्यातून एकदाच मात्रा देण्याच्या रिवाजाला यामुळे बळकटी आली.

आमवाताच्या चिकित्सेने हा वारसा आयता घेतला, पण जसाच्या तसा ठेवला नाही. १९८५ साली वाइनब्लाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांवरील चाचणीत आठवड्याच्या अल्प मात्रेची उपयुक्तता दाखविली. १९८८ साली अमेरिकेत आमवातासाठी या औषधाला मान्यता मिळाली. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, प्रत्येक रुग्णाची वारंवार बायॉप्सी करावी काय? बायॉप्सीतही रक्तस्रावाचा धोका असतोच. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पाच वर्षांच्या उपचारानंतर गंभीर यकृतविकाराचे प्रमाण हजारी सुमारे १ आढळले. १९९४ साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने सरसकट बायॉप्सी अनावश्यक ठरविली. आरंभी कावीळ ब व क यांची चाचणी करावी, पुढे दर ४ ते ८ आठवड्यांनी ट्रान्सअमिनेज व अल्ब्युमिन मोजावे, आणि वर्षातील ९ तपासण्यांपैकी ५ मध्ये आकडा वाढलेला आढळला तर बायॉप्सीचा विचार करावा, असा हा दंडक होता. एकट्या आकड्याने घाबरू नये व वारंवार वाढणाऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये, हे त्याचे सार. मद्यपान वर्ज्य ठेवण्याचा आग्रह सोरायसिसच्या अनुभवातूनच आला. मुदती पुढे सैल झाल्या. सहा महिन्यांनंतर, सारे सुरळीत असल्यास, साधारणपणे दर १२ आठवड्यांची तपासणी पुरेशी मानली जाऊ लागली.

फोलिक आम्लाला विरोध करणाऱ्या या औषधाबरोबर फोलिक आम्लच दिल्याने यकृताच्या एन्झाइमांत होणारी वाढ कमी होते, हे २००१ साली नेदरलँड्समधील ४३४ रुग्णांच्या चाचणीत दिसून आले. ज्या द्रव्याचा माग मुंबईतील रक्तक्षयी स्त्रियांपासून लागला, तेच असे रक्षक म्हणून परत आले.

या साऱ्या वाटचालीत यकृत स्वतः कधीच आरंभी बोलले नाही. त्याच्या वतीने बोलेल असे साधन प्रत्येक वेळी शोधावे लागले. रुग्णाला बरे वाटणे हा सांध्यांचा निर्वाळा आहे, यकृताचा नव्हे. सिंकोफेनच्या काळातील रुग्णाला हा भेद जाणून घेण्याची सोय जवळजवळ नव्हती. आजच्या रुग्णाला ती आहे, आणि तपासणीची तारीख चुकविणे म्हणजे ती सोय असून नसल्यासारखी करणे होय.