तळटीप : चंद्रावर उतरणारा गरुड

१७. लेखकाने वर्णन केलेले नाणे म्हणजे अमेरिकेचा ‘आयझेनहॉवर डॉलर’. ३८.१ मिलिमीटर व्यासाचे हे नाणे १९७१ ते १९७८ या काळात पाडले गेले. त्याच्या एका बाजूस माजी राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांची छबी आहे. ‘नासा’ची स्थापना त्यांच्याच कारकिर्दीत, १९५८ साली झाली. दुसऱ्या बाजूस ऑलिव्हची डहाळी पंजात धरून चंद्रभूमीवर उतरणारा गरुड आणि वर दूरची पृथ्वी आहे. ही आकृती अपोलो-११ मोहिमेच्या बोधचिन्हावरून घेतली आहे. त्या बोधचिन्हाची कल्पना प्रामुख्याने मायकेल कॉलिन्स यांची. दोन सहकारी चंद्रावर उतरले तेव्हा चंद्राभोवती एकटे फिरत राहिले ते हेच कॉलिन्स. नाण्याच्या दोन्ही बाजू टांकसाळीचे मुख्य नक्षीकार फ्रँक गॅस्पारो यांनी घडवल्या. १९७५-७६ मध्ये मात्र अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त गरुडाच्या जागी चंद्र आणि ‘लिबर्टी बेल’ आली.

याच मोहिमेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१९ साली निघालेली नाणी वेगळी. ती बशीसारखी वक्राकार आहेत : खोलगट बाजूवर चंद्रधुळीतला पाऊलठसा, फुगीर बाजूवर बझ ऑल्ड्रिन यांच्या शिरस्त्राणाची काच आणि तिच्यातले प्रतिबिंब. ती सोने, चांदी व मिश्रधातूत काढून दर्शनी मूल्यापेक्षा जास्त किमतीला संग्राहकांना विकली गेली. आयझेनहॉवर डॉलर हे मुळात चलनी नाणे होते. काटेकोर अर्थाने स्मारक नाणी २०१९ चीच.
— संपादक