बैलाचा चारा आणि दुचाकीचे पेट्रोल

नांदेडच्या देगलूर नाक्यावरून किंवा लातूरच्या गंजगोलाईतून पाठीवर पार्सलची पिशवी लावून निघणारी मुले आता रोजचीच झाली आहेत. काही तरुणांनी कर्ज काढून डिलिव्हरीचा ठेकाच घेतला आहे. धंदा नवा वाटतो, पण दुसऱ्याचा माल पोहोचवून पोट भरणे मराठवाड्याला शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. त्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. वाटखर्च कोणाचा?

सतराव्या शतकात दख्खनची मालवाहतूक बंजाऱ्यांच्या हाती होती. फ्रेंच प्रवासी तावर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. धान्य, तांदूळ, डाळ, मीठ, सारे बैलांच्या पाठीवरून जाई. मुघल फौजांची रसदही याच तांड्यांवर चाले. शाहजहानच्या दख्खन मोहिमेत, 1630 च्या सुमारास, वजीर आसफ खानासोबत भंगी आणि जंगी हे दोन बंजारा नायक आले. त्यांना ताम्रपट मिळाल्याची परंपरा सांगितली जाते. त्यातल्या ‘तीन खून माफ’ या सवलतीचीच चर्चा जास्त होते. व्यापाराच्या दृष्टीने मोलाच्या होत्या त्या दुसऱ्या दोन सवलती. वाटेत कोणाच्याही घरचे पाणी घ्यावे आणि पाणी-चारा नसेल तिथे छपराचे गवतही काढावे! गावकऱ्यांवर तो जुलूमच होता. पण याचा हिशेब सरळ आहे. बैलाचे इंधन म्हणजे चारा, आणि त्याचा भार बंजाऱ्यावर नव्हता. म्हणून त्याचे भाडे परवडत होते.

पुढे रेल्वे आली. 1883 साली स्थापन झालेल्या निजामाच्या रेल्वे कंपनीच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. भागधारकांच्या व्याजाची हमी निजाम सरकारने घेतली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद मार्गाने नांदेड जोडले गेले. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली. लांब पल्ल्याचा माल रुळांवर गेला, गायराने आणि जंगले बांधली गेली आणि तांड्यांचा धंदा बसला. बंजाऱ्याला बादशहाने चारा दिला होता, रेल्वेला निजामाने हमी दिली. दोघांच्याही जोखमीत राज्यसत्तेचा वाटा होता.

आजच्या ठेकेदाराच्या जोखमीत कोणाचा वाटा आहे? समजा, पोहोचलेल्या प्रत्येक पार्सलमागे त्याला 16 रुपये मिळतात आणि त्यातले 11 तो पोरांना देतो. उरले 5. दिवसाला 300 पार्सल पोहोचली तर 1,500 रुपये झाले. गाळ्याचे भाडे, वीज, इंटरनेट, माल लावणारा माणूस यांचे रोजचे 1,200 धरा. हाती राहिले 300. त्या दिवशी 60 गिऱ्हाइके घरी सापडली नाहीत, तर हाती शून्य. पोराचे पेट्रोल मात्र जळालेलेच असते. बिलातून करकपात होते, हरवलेल्या मालाचीही वसुली होते. रोख रक्कम त्याच दिवशी भरावी लागते, स्वतःचे बिल मात्र महिन्याने येते. मधल्या दिवसांत पोरांचा पगार द्यायला उसनवारी करावी लागते, आणि व्याजापासून दूर राहू इच्छिणाराही शेवटी व्याजातच अडकतो.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी दर किती, एवढेच विचारून भागत नाही. पेट्रोल महागले तर दर वाढणार का? परत आलेल्या पार्सलच्या फेरीचे काही मिळणार का? माल हरवला तर भरपाई कोणी करायची? बिल किती दिवसांत येणार? उत्तरे कागदावर नसतील, तर तो सगळा खर्च आपलाच आहे असे धरून हिशेब मांडावा. तरीही काही उरत असेल तरच ठेका घ्यावा. चारशे वर्षांपूर्वीच्या नायकाने चाऱ्या-पाण्याची सोय झाल्यावरच बैल हाकले होते.