चप्पल, धूर आणि दोन हात



मागच्या वर्षी आमच्या गटाच्या बैठकीत एक बाई बसल्या जागी कोसळली. हाका मारल्या, ओ नाही. फिट आली असेल म्हणून कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली. आम्ही तर तिच्या तोंडात पाणी ओतलं. तिला ठसका लागला, ओठ निळे पडले. वाचली ती, पण आमच्यामुळे नव्हे.

असं करणाऱ्या आपण पहिल्या नाही. हॉलंडमधलं आम्स्टरडॅम हे कालव्यांचं शहर, तिथं माणसं बुडायची. म्हणून १७६७ मध्ये लोकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी संस्था काढली. अंगाला ऊब द्या, तोंडानं श्वास द्या, असं ती सांगे. आणि त्याच दमात, गुदद्वारातून तंबाखूचा धूर आत सोडा, असंही! हसू येतं ना? पण शिकलेले डॉक्टर हे करत होते. लंडनला थेम्स नदीच्या काठी त्याची साधनं तयार ठेवलेली असत. आपली चप्पल त्यातलीच.

खरं कारण उमगायला १९५० नंतरचा काळ उजाडला. बेशुद्ध माणूस उताणा असला की जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते. डोकं मागे झुकवलं की वाट मोकळी होते, हे डॉ. पीटर सफार यांनी दाखवलं. त्याला गिळताही येत नाही, म्हणून ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. आमचं चुकलं ते इथंच.

बंद पडलेलं हृदय चालू करायला तेव्हा डॉक्टर छाती उघडून ते हातानं दाबत. १९६० मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या तिघांनी छापून सांगितलं, की छाती बाहेरून दाबली तरी रक्त फिरतं राहतं. त्यांतले कौवेनहोवन तर विजेचे इंजिनिअर! हत्यार नको, औषध नको, नुसते दोन हात.

तेव्हा खांदे हलवून हाक मारा. छाती वरखाली होते का बघा. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर एकीनं फोन करायचा, दुसरीनं छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोरात दाबायचं, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दमलात की तिसरीनं बसायचं. तोंडात काही घालायचं नाही.

येत्या बैठकीला आरोग्य केंद्राच्या सिस्टर येणार आहेत. येताना एकेक जाड उशी आणा, दाबून बघायला.