प्रवासातली दुसरी शिदोरी

मंडळी, भारतात जायचं ठरलं की आपल्या घरोघरी बॅगा भरण्याचा एक सोहळाच सुरू होतो. वजनकाटा बाहेर येतो, चॉकलेटं मोजली जातात. परत येताना त्याच बॅगांत भाजणी, मेतकूट, कोकम आणि कुणाच्या तरी आईने बजावून दिलेलं लोणचं असतं. जिभेच्या शिदोरीचा विचार आपण महिनाभर आधीपासून करतो. पण प्रवासात वाचायचं काय, ऐकायचं काय, ही दुसरी शिदोरी मात्र टॅक्सी दारात आल्यावर आठवते!

विषय क्षुल्लक वाटेल. पण या प्रश्नावर माणसांनी पावणेदोनशे वर्षं डोकं खाजवलं आहे, वाद घातले आहेत. त्यातला बराच इतिहास तर आपल्या या स्लाऊच्या आसपासच घडला आहे.

सुरुवात मात्र आपल्या मातीतून करू. प्रवासात काय ऐकायचं याची सगळ्यात जुनी आणि चोख व्यवस्था मराठी माणसाने केली, ती वारीत. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची पायवाट. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांचे क्रम ठरले. कोणत्या वेळी काय म्हणायचं तेही भजनी मालिकेने बांधून दिलं. मंगलाचरण, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, हरिपाठ आणि प्रत्येक वाराचे वेगळे अभंग. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही चालता चालता शेकडो अभंग पाठ होत. आपल्या भाषेची एवढी मोठी फिरती शाळा दुसरी कुठली सांगाल? तिथे एकट्याने ऐकणं नव्हतंच. जे एकाच्या कानावर पडे ते सगळ्यांच्याच.

आता स्लाऊला येऊ. ४ जून १८३८ रोजी पॅडिंग्टन ते मेडनहेड अशी ग्रेट वेस्टर्न रेल्वे सुरू झाली. लोहमार्ग आपल्या गावातून गेला, पण स्टेशन मात्र नव्हतं. कारण होतं शेजारचं ईटन कॉलेज. रेल्वे आली की मुलं लंडनला पळतील, बिघडतील, अशी तिथल्या धुरिणांना भीती! त्यांनी कायद्यातच कलम घालून घेतलं की ईटनजवळ स्टेशन बांधायचं नाही. रेल्वे कंपनीही वस्ताद. स्टेशन बांधायला बंदी आहे ना? मग गाडी नुसती थांबवायची आणि तिकिटं गावातल्या खाणावळीत विकायची. ईटनवाले कोर्टात गेले आणि हरले. गंमत म्हणजे त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकासाठी मुलांना लंडनला न्यायला ईटननेच खास गाडी मागवली! अखेर जून १८४०मध्ये स्लाऊला रीतसर स्टेशन झालं. १३ जून १८४२ रोजी खुद्द राणीने आपला पहिला रेल्वे प्रवास केला, तोही स्लाऊहून पॅडिंग्टनला, पंचवीस मिनिटांत.

ही पंचवीस मिनिटं करायचं काय, हा प्रश्न रेल्वेनेच जन्माला घातला. घोडागाडीच्या खडबडाटात वाचणं कठीण होतं. रेल्वेचा डबा त्या मानाने स्थिर, पण समोर बसलेली माणसं अनोळखी. बोलायचं कुणाशी? मग पुस्तक उघडायचं. १८४८मध्ये डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी लंडनच्या यूस्टन स्टेशनवर आपला पहिला रेल्वे बुकस्टॉल उघडला. त्याच सुमारास रूटलेज या प्रकाशकाने एक-एक शिलिंगाची ‘रेल्वे लायब्ररी’ काढली. पुढे पिवळ्या पुठ्ठ्यांच्या भडक चित्रांच्या कादंबऱ्यांनी स्टॉल भरून गेले. लगेच टीकाही सुरू झाली, की लोक प्रवासात कचरा वाचतात. आपण आज मुलांच्या फोनविषयी जे बोलतो, थेट तेच!

पण एक गोष्ट नकळत बदलली. वारीतला प्रवासी सगळ्यांबरोबर ऐकत होता. रेल्वेतला प्रवासी एकटा वाचू लागला. आणि त्याने काय वाचायचं हे बरंचसं स्टॉलवाल्याने ठरवलं.

हीच गोष्ट पुढे भारतात गेली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८७७मध्ये अलाहाबादला ए. एच. व्हीलर कंपनी निघाली आणि तिचे स्टॉल स्टेशनांवर दिसू लागले. ‘व्हीलरच्या स्टॉलपाशी भेटू’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी उच्चारलं असेल! याच कंपनीने १८८८मध्ये ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ काढली. एक रुपयाला एक पुस्तक, आणि लेखक कोण, तर मुंबईत जन्मलेला तरुण रुडयार्ड किपलिंग. ही पुस्तकं इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी होती. मराठी प्रवाशाची शिदोरी तयार व्हायला आणखी काही वर्षं गेली. १८९५मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिक सुरू केलं आणि १९०९मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. पुढे बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा माणूस! माझे वडील दादरला गाडीत चढताना अर्नाळकर घेत आणि पुण्याला उतरताना तो शेजारच्या प्रवाशाला देऊन टाकत. ‘खुनी कळला, आता कशाला हवं?’ हे त्यांचं तत्त्वज्ञान.

पण प्रवासातलं वाचन नेहमीच वेळ घालवण्यापुरतं नसतं. १९०४ साली गांधीजी जोहान्सबर्गहून दरबानला निघाले, तेव्हा स्टेशनवर निरोप द्यायला आलेल्या हेन्री पोलॉक यांनी त्यांच्या हाती रस्किनचं ‘अन्टू धिस लास्ट’ ठेवलं. चोवीस तासांच्या प्रवासात ते वाचून झालं आणि त्या रात्री गांधीजींना झोप लागली नाही. त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभी राहिली. एका मित्राने निवडून दिलेल्या एका पुस्तकाचा हा परिणाम.

दुसरी आठवण बाबासाहेबांची. १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून भारतात परतावं लागलं. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं त्यांनी वेगळ्या बोटीने पाठवली होती. महायुद्धाचे दिवस. ती बोट पाणतीराने बुडाली आणि पुस्तकंही गेली. पुढे लंडनला परत येऊन त्यांनी शिक्षण पुरं केलं. त्यांचं किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र शासनाने २०१५मध्ये घेतलं. तिथे जाल तेव्हा समुद्राच्या तळाशी गेलेल्या त्या ग्रंथसंग्रहाचीही आठवण ठेवा.

पुन्हा आपल्या परिसरात येऊ. ॲलन लेन यांना एक्झेटर स्टेशनवर वाचण्याजोगं काही मिळेना आणि त्यातून स्वस्त, चांगल्या पुस्तकांची कल्पना सुचली, असं सांगतात. १९३५मध्ये सहा पेनीला एक अशी पहिली दहा ‘पेंग्विन’ पुस्तकं आली. १९३७मध्ये कंपनीने बस्तान हलवलं ते हार्मंड्सवर्थला, म्हणजे स्लाऊपासून पाच-सहा मैलांवर, आजच्या हीथ्रोच्या कुशीत. ज्ञानविषयक ‘पेलिकन’ मालिकेच्या पहिल्या संपादकांपैकी एक होते आपले व्ही. के. कृष्ण मेनन. विमानतळाकडे जाताना मला हे हटकून आठवतं.

नंतर काळ कानांचा आला. १९७९मध्ये सोनीचा वॉकमन निघाला. आपल्या पिढीतल्या अनेकांनी इंग्लंडला येताना पु. लं.च्या कॅसेटी आणल्या. एसटीच्या प्रवासात घडणारी ‘म्हैस’ आपण एम-फोरवर किती वेळा ऐकली असेल! २०१७पासून स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकता येऊ लागली. २०२२मध्ये स्लाऊहून एलिझाबेथ लाइन सुरू झाली, त्या गाडीत बसून आता हवं ते ऐकता येतं. डब्ल्यू. एच. स्मिथने २०२५मध्ये बाजारपेठेतली दुकानं विकली आणि स्टेशनं-विमानतळांवरची ठेवली. म्हणजे प्रवाशाची भूक अजून शाबूत आहे.

यूस्टनच्या स्टॉलवर मराठी पुस्तक कधी नव्हतं. आज फोनमध्ये ते आहे. निवड स्टॉलवाल्याच्या हातून आपल्या हाती आली आहे. पण गाडीत डोकावून पाहा. पुढे आईबाबांच्या कानात एक, मागे मुलांच्या कानात दुसरंच. चौघांचे चार डबे!

घरी मुलांशी मराठी बोलायचं ठरवतो, पण शाळा, क्लब, गृहपाठ यांत दिवस संपतो. खरं सांगायचं तर आठवड्यात सगळं कुटुंब एका जागी बांधलेलं असतं ते फक्त गाडीतच. म्हणून आमच्या घरी एक साधा नियम केला आहे. गाडीत बसल्यावर पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी मिळून एकच मराठी गोष्ट ऐकायची, आणि ती आळीपाळीने एकेकाने निवडायची. पहिल्या महिन्यात भरपूर कुरकुर झाली. मग एक दिवस मागून लेकीने विचारलं, “बाबा, पंचनामा म्हणजे काय?” सांगता सांगता वळण चुकलं, पण शब्द कळला. आता तो शब्द ती भावाच्या खोलीतल्या पसाऱ्यासाठी वापरते!

वारीत भाषा पाठ झाली ती सगळ्यांनी एकत्र ऐकल्यामुळे. आपली दिंडी चार जणांची, पायांऐवजी चाकांवर चालणारी. पुढच्या वेळी बॅग भरताना लोणच्याच्या बरणीशेजारी ही दुसरी शिदोरीही आठवणीने बांधा. तिला वजनाची मर्यादा नाही आणि ती कस्टम्समध्ये अडवतही नाहीत!