खुशालीचे कार्ड आणि थंडीतली आगगाडी



आलेली पत्रे भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवण्याची पद्धत पूर्वी आपल्या बहुतेक घरांत होती. आमच्या घरातील अशा एका तारेवरची जुनी कार्डे परवा उतरवून वाचीत बसलो होतो. मजकूर थोड्याबहुत फरकाने एकच. अमुक वारी सुखरूप पोहोचलो, गाडीत थंडी फार होती, मुलास पडसे आहे, काळजी नसावी. इतिहासाच्या ग्रंथांत अशा मजकुरास स्थान नसते. तथापि ही कार्डे वाचता वाचता मला असे वाटू लागले की, आगगाडीने आपल्या कुटुंबांचे काय केले हे कंपनीच्या अहवालांपेक्षा या पैशाच्या कार्डांतून अधिक समजते.

आगगाडी येण्यापूर्वी सोलापुराहून पुण्यास बैलगाडीने जावयाचे म्हणजे दहाबारा दिवसांची वाट असे. लेक सासरी पोहोचल्याचे वर्तमान माहेरी यावयास महिनाही लागे; आणि तितके दिवस लागणार हे ठाऊक असल्यामुळे कोणी वाटेकडे डोळे लावून बसत नसे. जून 1860 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ सोलापुरास येऊन पोहोचले आणि हा हिशेब एकदम बदलला. दिवसांचा प्रवास तासांवर आला.

परंतु मुंबईस जाणाऱ्या उताऱ्याचे दैव इतके सरळ नव्हते. खंडाळ्यापर्यंतचा मार्ग 1858 मध्ये पुरा झाला होता आणि घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत मुंबईकडून 1856 मध्येच गाडी आली होती. मधला बोरघाट मात्र अजून फोडला जात होता. म्हणून 1860 पासून ओळीने तीन हिवाळे सोलापूरच्या उतारूंना खंडाळ्यास उतरावे लागले. तेथून कोणी पालखीत, कोणी तट्टावर, बहुतेक पायीच, बोचऱ्या वाऱ्यात घाट उतरून खोपोलीस पुन्हा गाडी धरीत. पोरांना पासोडीत गुंडाळून खांद्यावर घेतलेले बाप आणि डोक्यावर बोचके घेतलेल्या बाया यांची रांग आपण मनापुढे आणावी. एप्रिल 1863 मध्ये घाटाचे उद्घाटन झाले. सुमारे 16 मैलांत 1,831 फूट चढ, काही ठिकाणी 37 फुटांस 1 फूट असा उभा, आणि 25 बोगदे, असे ते काम होते. खंडाळ्याजवळ एका ठिकाणी तर गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकास जोडावे लागे आणि मग ती उलट दिशेने पुढे निघे.

विलायतेत हिवाळा म्हणजे आगगाडीचा उघड शत्रू. जानेवारी 1881 च्या वादळात इंग्लंडच्या दक्षिण भागात गाड्या बर्फात गाडल्या गेल्या होत्या. इंजिनात पाणी भरण्याचे नळ गोठू नयेत म्हणून त्यांच्याशेजारी शेगड्या पेटवून ठेवाव्या लागत. वरच्या वर्गाच्या उतारूंना पाय शेकण्यासाठी गरम पाण्याचे पत्र्याचे डबे मिळत. आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून थंडीचा उपद्रवच नव्हता असे कोणी समजू नये. पहाटेच्या दवाने रूळ ओले झाले म्हणजे चढावर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरत. मग रुळांवर वाळू सोडावी लागे. थंड हवेत बाहेर पडणारी वाफ लगेच दाट पांढरी होऊन इंजिनवाल्याच्या डोळ्यांपुढे येई. डिकसळजवळ भीमा ओलांडताना किंवा घाटात धुके असले, तर सिग्नलचा हात दिसणे कठीण. अशा वेळेसाठी 1841 मध्ये कौपर नावाच्या इंग्रज अभियंत्याने युक्ती काढली होती. रुळावर दारूची चपटी डबी बांधावयाची. चाक तिच्यावरून गेले की बार होई आणि इंजिनवाला सावध होई. लोखंड थंडीने आखडते, म्हणून रुळांच्या सांध्यांतील फटी रुंदावत आणि डब्यातील खडखडाटही वाढे.

तिसऱ्या वर्गाच्या उताऱ्यास यातले काही माहीत नव्हते. त्याला ठाऊक होती ती फक्त रात्र. खिडकीस काच नाही, उजेडाला छतातला एक तेलाचा दिवा, आणि काही काळ तर सर्वांत खालच्या वर्गात बसावयास बाकेही नव्हती. शौचकूप नसल्यामुळे स्टेशन येईल तेव्हा अंधारात उतरावयाचे. सोलापूरची चादर आणि धनगराचे घोंगडे, एवढीच त्याची ऊब.

आता पुन्हा त्या तारेकडे वळतो. पैशाचे कार्ड 1 जुलै 1879 रोजी सुरू झाले. त्यापूर्वी तारायंत्र आले होते, पण तार म्हणजे घरात रडारड, असेच समीकरण होते. दारात तारवाला दिसला की बायकांच्या हातापायांतले बळ जाई. साध्या खुशालीसाठी एवढा खर्च करणार कोण? ती जागा कार्डाने घेतली. माणूस एका रात्रीत पोहोचतो, तर त्याची खबरही दोन दिवसांत आली पाहिजे, अशी अपेक्षा घरोघर निर्माण झाली. आणि तिसऱ्या दिवशी कार्ड आले नाही की काळजी सुरू. ही काळजी बैलगाडीच्या काळात नव्हती. ती आगगाडीने आणली.

आमच्या तारेवर माघातली दोन कार्डे लागोपाठ ओवलेली आहेत. माझी पणजी सोलापुरास माहेरी बाळंत होऊन सव्वा महिन्यांनी तान्ही मुलगी घेऊन रात्रीच्या गाडीने कल्याणास सासरी गेली. पहिल्या कार्डात सुखरूप पोहोचल्याचे लिहून शेवटी एक ओळ आहे: घाटात वारा लागला, मुलीस ताप भरला आहे. दुसरे कार्ड चार दिवसांनंतरचे. ताप उतरला, अंगावर पिते आहे. त्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचा डाग अजून आहे. कोणी लावला ते आता सांगावयास कोणी उरले नाही, पण बहुधा माहेरच्या आईने देवापुढे ठेवताना लावला असावा.

या दोन कार्डांमधले चार दिवस त्या घराने कसे काढले असतील? जाऊन पाहावे तर गाडी रोज होती. पण भाड्याचे पैसे रोज नव्हते. लेक एका रात्रीच्या अंतरावर होती आणि तरी हाताशी नव्हती. अंतर तुटले, परंतु ताटातूट संपली नाही. फक्त ती तासातासाने मोजता येऊ लागली. तापातून वाचलेली ती मुलगी म्हणजे माझी आजी. कोणीही गावाला निघाले की ती पिशवीत एक कोरे कार्ड, पत्ता घालून, आठवणीने ठेवीत असे. त्याचे कारण मला त्या तारेने साठीनंतर सांगितले.

आज वाफेची इंजिने गेली, घाटात वीज आली, गाडी कोठे आहे हे खिशातल्या यंत्रावर दिसते. तरीही नातू पुण्यास पोहोचला की घरातून पहिला प्रश्न जातो तो तोच. आपणही आपल्या घरची जुनी तार एकदा उतरवून पाहावी. तिच्यावर नुसती कार्डे नसतात. कोणीतरी जागून काढलेल्या रात्री ओवलेल्या असतात.